जुन्या सिक्स-सिलेंडर मस्टँगचा कार्ब ठेवायचा की बदलायचा? आधी डिस्ट्रिब्युटरचं झाकण उघडा

आमच्याकडे १९६६ ची फोर्ड मस्टँग आहे, आणि लगेच कान टवकारू नका, व्ही-८ नाहीये, साधी सरळ सहा सिलेंडरची, २०० क्युबिक इंच म्हणजे साधारण ३.३ लिटर, नवी असताना १२० हॉर्सपॉवर. इथे कॅलिफोर्नियाच्या बे एरियात लोक बॉनेट उघडून बघतात आणि "अच्छा, सिक्स आहे का" म्हणून हळूच बंद करतात. असो. हे इंजिन आहे मात्र गुणी, फाल्कन, कॉमेट, मॅव्हरिक, सगळ्यांत हीच सहा सिलेंडरची फॅमिली, त्यामुळे खाली लिहिलंय ते त्या गाडीवाल्यांनाही बऱ्यापैकी लागू पडेल.

कार्ब म्हणजे कार्ब्युरेटर, इंजिनात जाणाऱ्या हवेत पेट्रोल मिसळणारा भाग. आपल्याकडच्या गॅरेजात त्याचा 'कार्पोरेटर' होतो, आणि बाबा म्हणायचे दोघंही वेळेवर धुतल्याशिवाय कामाला लागत नाहीत. रविवारी सकाळी चेतक तिरकी करून किक मारणारी ती पिढी, त्यांचा कार्ब धुताना मी पेट्रोलची वाटी धरून बसायचे, म्हणून मला वाटलं मस्टँगचा कार्ब म्हणजे तेच, जरा मोठं. इथेच फसले.

झालं असं, गाडी घेतली तेव्हा सिग्नलला बंद पडायची आणि गरम झाल्यावर पेट्रोलचा वास यायचा. मी सरळ "तुमच्या गाडीला बसतो" असं लिहिलेला एक रिबिल्ट कार्ब ऑनलाइन मागवला, जुना काढून कोअर म्हणून, म्हणजे नव्याच्या बदल्यात द्यायचा जुना भाग म्हणून, परत पाठवला, डिपॉझिट परत आलं म्हणून खूश. नवा बसला पण मस्त, गाडी एका चावीत चालू, आयडलिंग इतकं शांत की एअर क्लीनरवर चहाचा कप ठेवावा. मग फ्रीवेच्या रॅम्पवर पेडल पूर्ण दाबलं आणि गाडीने मानच टाकली, मागून ट्रक हॉर्न देतोय, मी पेडल दाबतेय, इंजिन नुसतं घोंss करतंय, पुढे काही जाईना. पेडल अर्धं सोडलं की जरा बरी चालायची. दोन आठवडे मी जेट, फ्लोट, पंप या कार्बच्या आतल्या भागांच्या मागे होते आणि त्यातल्या कशाचाच दोष नव्हता.

तर नवीन माणसाला सांगायची एकच गोष्ट म्हणजे या इंजिनात कार्ब एकटा नसतो, त्याची आणि डिस्ट्रिब्युटरची, म्हणजे प्रत्येक सिलेंडरला वेळेवर स्पार्क वाटणाऱ्या भागाची, जोडी आहे. तबला-डग्ग्यासारखी. डग्गा तोच ठेवून तबला भलत्याच पट्टीचा आणला तर कितीही महागाचा असू दे, वाजणार बेसूरच.

हे नीट समजून घ्या, बाकी सगळं यावरच आहे. इंजिनचा वेग वाढला की स्पार्क थोडा आधी पडावा लागतो, लोड कमी असतानाही आधी पडावा लागतो. नेहमीच्या डिस्ट्रिब्युटरमध्ये वेगासाठी आत स्प्रिंगवाली वजनं असतात जी फिरताना बाहेर फेकली जातात, आणि लोडसाठी बाहेर व्हॅक्यूमचा, म्हणजे इंजिनाच्या हवेच्या ओढीवर चालणारा, डबा असतो. फोर्डने या सिक्सवर १९६७ पर्यंत वजनं दिलीच नाहीत. त्या डिस्ट्रिब्युटरचं नाव लोड-ओ-मॅटिक, आणि तो सगळा अ‍ॅडव्हान्स, म्हणजे स्पार्क आधी पाडणं, एकाच नळीतल्या व्हॅक्यूमवर करतो. ती नळी येते कार्बमधून, आणि त्या वेळचा कार्ब म्हणजे ऑटोलाइट ११००, तो दोन ठिकाणचा व्हॅक्यूम मिसळून पाठवतो, एक व्हेंचुरीचा, म्हणजे कार्बच्या अरुंद घशातला, जो हवेच्या वेगाबरोबर म्हणजे इंजिनच्या वेगाबरोबर वाढतो, आणि दुसरा थ्रॉटलच्या, म्हणजे पेडलने उघडणाऱ्या, पाकळीजवळचा, जो लोड सांगतो. हे मिश्रण सांभाळायला कार्बच्या अंगावर एक छोटी गोल झडप असते, स्पार्क कंट्रोल व्हॉल्व्ह, लोक एससीव्ही म्हणतात.

आता मला आलेल्या रिबिल्टमध्ये, तो होता होली १९४०, ही झडपही नव्हती आणि व्हेंचुरीची ओढही नव्हती, नुसतं थ्रॉटलजवळचं एक भोक. हलकं पेडल असताना तिथे व्हॅक्यूम भरपूर, म्हणून अ‍ॅडव्हान्स मिळायचा, पेडल पूर्ण दाबलं की तिथला व्हॅक्यूम शून्याकडे आणि बरोबर अ‍ॅडव्हान्सही शून्याकडे, नेमका हवा तेव्हा. टायमिंग लाइट, म्हणजे स्पार्क नेमका कधी पडतो ते दाखवणारा दिवा, लावून बघितलं तेव्हा डोक्यात उजेड पडला, हळू रेस दिली की पुलीवरची खूण छान सरकायची, झटक्यात थ्रॉटल उघडला की खूण टुणकन परत मूळ जागी. कार्ब वाईट नव्हता हो, चुकीच्या घरात दिला होता.

म्हणून पहिली पायरी, पाना हातात घ्यायच्या आधी, तुमच्याकडे काय आहे ते ओळखा. साठ वर्षांत चार मालकांनी काय काय बदललंय देव जाणे. डिस्ट्रिब्युटरची कॅप काढा, इंजिन बंद असताना रोटर बोटांनी धरून फिरवून बघा. काही अंश फिरून स्प्रिंगने परत आला तर आत वजनं आहेत, म्हणजे १९६८ पासूनच्या पद्धतीचा डिस्ट्रिब्युटर. नुसता गिअरमधला ढिलेपणा जाणवला आणि परत यायचं नावच नाही तर तो बहुतेक लोड-ओ-मॅटिक. व्हॅक्यूमच्या डब्याला आटे असलेली धातूची नळी असेल तर तीही त्याचीच खूण, नंतरच्यांना बहुधा साधा रबरी पाइप सरकवलेला असतो.

मग कार्ब बघा. वरच्या झाकणाच्या एका स्क्रूखाली पत्र्याचा छोटा टॅग असतो, निदान असायचा. त्यावर सी५ नाहीतर सी६ अशी सुरुवात असते, सी म्हणजे १९६० चं दशक, पुढचा आकडा वर्षाचा, तिसरं अक्षर झेड असेल तर मस्टँगसाठी काढलेला, डी असेल तर फाल्कनसाठी. डी दिसलं म्हणून घाबरू नका, इंजिन एकच आहे. टॅग नसेल तर खालच्या भागात, जिथून डिस्ट्रिब्युटरची नळी निघते तिथे, ती झडप आहे का बघा. बाहेरून ११०० दिसणारे नवे कोरे नकली कार्बही मिळतात, काहींत झडप असते, काहींत नुसतं बूच.

आता जोडी जुळवा. वजनं नसलेला डिस्ट्रिब्युटर आणि झडपवाला ११००, जोडी बरोबर. वजनं असलेला डिस्ट्रिब्युटर आणि बिनझडपेचा कुठलाही बरा सिंगल बॅरल, म्हणजे एकाच घशाचा कार्ब, तीही जोडी बरोबर. याच्या उलटसुलट काहीही असेल तर आधी तेच दुरुस्त करायचं, जेट बदलत बसायचं नाही. आणि हो, उलटी चूकही होते, लोक नवा चांगला डिस्ट्रिब्युटर लावतात आणि कार्ब झडपवालाच ठेवतात, मग त्या बिचाऱ्या नव्या डिस्ट्रिब्युटरला भलतीच मिसळलेली ओढ मिळते.

दुसरी पायरी, कार्बवर आळ घेण्याआधी बाकीच्यांची हजेरी घ्या. प्लग, डिस्ट्रिब्युटरमधल्या पॉइंट्सचा गॅप, वायरी, फिल्टर. फायरिंग ऑर्डर १-५-३-६-२-४, मागच्या मालकाने दोन वायरी उलट लावलेल्या मी स्वतः बघितल्यात. एक व्हॅक्यूम गेज घ्याच, स्वस्त असतं, इनटेकला लावा, गरम इंजिन आयडलला पाऱ्याच्या १८ ते २१ इंचांच्या आसपास स्थिर सुई दाखवत असेल तर इंजिन निरोगी. सुई खाली पण स्थिर असेल तर टायमिंग मागे आहे किंवा कुठेतरी हवा ओढतंय, सुई ठराविक तालात खाली पडत असेल तर व्हॉल्व्हचं दुखणं असू शकतं, तिथे कार्ब कितीही धुवा. टायमिंग लावताना व्हॅक्यूमची नळी काढून तोंड बंद करायचं, हे विसरून लावलेलं टायमिंग म्हणजे न लावलेलंच.

पेडल दाबल्यावर गचका बसतो, तो पंपाचा की टायमिंगचा? सोपं आहे, इंजिन बंद करा, एअर क्लीनर काढा, चोकची पाकळी बोटाने उघडी धरा आणि थ्रॉटल हाताने झटक्यात उघडा. घशात पेट्रोलची बारीक पण ठसठशीत धार लगेच दिसली पाहिजे. धार नसेल, उशिरा येत असेल, तर पंपाचा डायफ्रॅम गेला. धार छान आहे तरी गाडी मान टाकतेय तर वर सांगितलेल्या जोडीकडे जा.

तिसरी पायरी, मूळ कार्ब वाचवण्यासारखा आहे का. खरा प्रश्न एकच, थ्रॉटलचा दांडा. तो ज्या भोकांत फिरतो ती भोकं साठ वर्षांत झिजून लांबट होतात. दांडा धरून वर-खाली हलवा, स्पष्ट खुडखुड जाणवली तर तिथून हवा आत जातेय आणि आयडल कधीच नीट लागणार नाही, नव्या गॅस्केट-डायफ्रॅमचं रिबिल्ड किट टाका नाहीतर नारळ फोडा. तिथे पितळी बुश बसवून मिळतात, मशीनचं काम करणाऱ्याकडे द्या, घरच्या ड्रिलने भोक तिरकं झालं की कार्ब भंगारात. दांडा घट्ट असेल आणि बॉडीला तडा नसेल तर माझं मत सरळ आहे, ठेवा. आख्खं किट पन्नास डॉलरच्या आत येतं आणि एक शनिवार जातो.

धुण्याची रीत सांगते. पेट्रोलचं काम, त्यामुळे गॅरेजचं दार उघडं, वॉटर हीटरची पायलट ज्योत बंद, अग्निशामक नळकांडं हाताशी. प्रत्येक टप्प्याला फोटो काढा, विशेषतः लिंकेजचे, "लक्षात राहील" असं वाटतं, राहत नाही. स्क्रू ठेवायला मी देशातून आणलेला मिसळणाचा डबा वापरते, सात वाट्या, झाकणाचे स्क्रू मोहरीच्या वाटीत, पंपाचे हळदीच्या, चोकचे जिऱ्याच्या, अगदी फिट बसतो हिशोब, फक्त तो डबा परत स्वयंपाकघरात जात नाही.

झाकण काढल्यावर बॉडी लगेच उलटी करू नका!! पंपाच्या वाटेत एक छोटी गोळी आणि तिच्यावर बारीकसं वजन असतं, उलटं केलं की ते दोन्ही टपकन पडतात. माझी गोळी ड्रायरखाली गेली, ड्रायर सरकवला, तिथे दोन मोजे, एक बदामाची बी, गोळी नाहीच. किटमध्ये नवी होती म्हणून वाचले, पण काहींत नसते. खाली जुनी चादर पसरा आणि पालथं करायचं तर वाटीवरच करा.

रबर, डायफ्रॅम, फ्लोट सगळं बाजूला काढून मग धातूचे भाग क्लीनरमध्ये. नंतर प्रत्येक वाटेतून हवेचा दाब मारा, डोळ्यांवर चष्मा लावून, कारण क्लीनर कुठल्या भोकातून उडेल सांगता येत नाही. जेटमध्ये तार घालायची नाही, पितळ मऊ असतं, एक ओरखडा आणि माप बदललं. फ्लोट पितळी असेल तर कानाशी हलवा, आत चुळचुळ ऐकू आली तर भोक आहे, खात्री नसेल तर गरम पाण्यात बुडवा, बुडबुडे आले की कळलं. माझ्या पेट्रोलच्या वासाचं मूळ कारण नंतर बघता हेच निघालं असतं, पण तो कार्ब मी परत पाठवून बसले होते ना.

किटमध्ये गॅस्केट गरजेपेक्षा जास्त येतात, कारण एकच किट अनेक नंबरांना विकतात, म्हणून जुन्या गॅस्केटवर नवं ठेवून एकेक भोक जुळवा, एखादं भोक झाकलं गेलं तर ती वाट कायमची बंद. फ्लोटचं माप किटच्या कागदावर असतं, तेच घ्या, मोजताना फ्लोट नीडलवर दाबू नका, स्वतःच्या वजनाने टेकू द्या. जुने डायफ्रॅम इथेनॉलने कडक किंवा सुरकुतलेले सापडतात, इथे पंपावर १० टक्के इथेनॉल असतंच, देशात तर आता २० टक्के झालंय, त्यामुळे पेट्रोलचे जुने रबरी पाइपही याच वेळी बदलून टाका, इथेनॉलला चालणारे घ्या.

झडपेला हात लावायचाच असेल तर तिचंही नवं गॅस्केट घाला, आणि बरोबर मापाच्या पान्यानेच फिरवा, पक्कडीने धरून तिचे कोपरे खाल्लेले कार्ब मी ढिगाने बघितलेत.

परत बसवताना कार्बच्या खालच्या स्पेसरकडे लक्ष द्या. बऱ्याच सिक्समध्ये हीटरचं गरम पाणी त्या स्पेसरमधून फिरवलेलं असतं, म्हणजे थंडीत कार्बमध्ये बर्फ धरू नये, त्यामुळे स्पेसर काढायचा तर थोडं कूलंट आधी काढून घ्या, नाहीतर आंघोळ. पीसीव्हीचा, म्हणजे इंजिनातल्या वाफा परत आत ओढून घेणारा, पाइपही तिथेच येतो, तो फुटका असेल तर तुमचं सगळं ट्यूनिंग पाण्यात. खालचे नट दोन्हीकडे थोडे थोडे, आलटून पालटून आवळा, ताकद दाखवायची जागा नाही ही, बूड वाकलं की हवा ओढणार. चोकला गरम हवा आणणारी एक्झॉस्टकडची बारीक नळी हमखास गंजून गेलेली असते, तीही बघून घ्या, नाहीतर चोक उघडायला भलताच वेळ लावेल. मग कोणालातरी आत बसवून पेडल पूर्ण दाबायला सांगा, थ्रॉटल खरोखर पूर्ण उघडतोय का आणि सोडल्यावर स्प्रिंगने लगेच मिटतोय का बघा, इंजिन चालू करायच्या आधी. हे टाळू नका, अडकलेला थ्रॉटल म्हणजे थट्टा नाही.

ट्यूनिंग थोडक्यात, मिक्स्चरचा स्क्रू हलक्या हाताने टेकेपर्यंत आत, मग दीड फेरा बाहेर. इंजिन पूर्ण गरम, चोक पूर्ण उघडा. मॅन्युअलमधल्या आकड्यावर टायमिंग, मग आयडलचा वेग, मग व्हॅक्यूम गेज बघत मिक्स्चर, सुई सर्वांत वर जाते तिथे थांबा, वेग परत खाली आणा, परत एकदा मिक्स्चर. दोन-तीन फेऱ्यांत बसतं.

आता बदलायचाच असेल तर. कारणं खरी असू शकतात, बॉडी तडकलीय, मागच्याने डिस्ट्रिब्युटर आधीच बदललाय, किंवा रोज ऑफिसला न्यायची आहे आणि पॉइंट्स घासत बसायचं नाहीये. त्यात मला सगळ्यांत शहाणपणाचा रस्ता वाटतो तो म्हणजे दोन्ही एकत्र बदलणं, वजनं आणि व्हॅक्यूम दोन्ही असलेला डिस्ट्रिब्युटर, आणि त्याच्यासोबत १९६८-६९ चा बिनझडपेचा ११०० नाहीतर नंतरच्या गाड्यांवरचा कार्टर वायएफ, अगदी माझा तो बदनाम होली १९४० सुद्धा अशा डिस्ट्रिब्युटरबरोबर गुण्यागोविंदाने चालतो. फोर्डचाच सत्तरच्या दशकातला बिनपॉइंटचा, इलेक्ट्रॉनिक ड्युरास्पार्क डिस्ट्रिब्युटर लोक आवडीने लावतात, पण घेण्याआधी खालचा ऑइल पंपाचा षट्कोनी दांडा कुठल्या मापाचा आहे ते तपासा, जुन्या इंजिनात तो बारीक असू शकतो, पाव इंची, आणि नवा डिस्ट्रिब्युटर ५/१६ चा मागतो.

वेबर ३२/३६ किंवा दुसरा टू बॅरल लावायचा मोह सगळ्यांना होतो, मलाही झाला. पण या इंजिनाची एक गंमत आहे, इनटेक मॅनिफोल्ड, म्हणजे कार्बमधून सिलेंडरांकडे जाणारी वाट, वेगळा नाहीच, हेडबरोबर एकत्रच ओतलेला आहे, ओंडक्यासारखा, वर कार्बसाठी एकच भोक. म्हणजे मॅनिफोल्ड बदलून मोठा कार्ब हा रस्ता बंद, एकतर अ‍ॅडाप्टर लावून दोन घसे एका भोकात उतरवायचे, किंवा हेड काढून वरचा भाग मशीनवर सपाट करून घ्यायचा. अ‍ॅडाप्टरने उंची वाढते, एअर क्लीनर बॉनेटला लागतो का ते मातीचा गोळा ठेवून बघा. वेबरला पेट्रोलचा दाबही कमी लागतो, ३ पीएसआयच्या आसपास, जुन्या पंपाचा त्याहून जास्त असू शकतो, म्हणजे रेग्युलेटर आला. चोक, लिंकेज, ऑटोमॅटिक असेल तर पेडल पूर्ण दाबल्यावर खालचा गिअर टाकणारा किकडाउनचा दांडा, सगळं जुळवावं लागतं. फायदा मिळतो, नाही असं नाही, पण "सोपा बोल्ट-ऑन" असं कोणी म्हणालं तर त्याला शनिवारी घरी बोलवा. आणि लोड-ओ-मॅटिक तसाच ठेवून वेबर लावला तर माझ्या रॅम्पवरचीच गोष्ट, फक्त महागात.

कॅलिफोर्नियात १९७५ पर्यंतच्या पेट्रोल गाड्यांना स्मॉग टेस्ट, म्हणजे धुराची तपासणी, नाही, त्यामुळे आम्हाला मोकळीक आहे. त्यानंतरची सिक्स असेल, तर कार्बला हात लावण्याआधी तुमच्या राज्याचे नियम बघा.

देशातून एकाने विचारलं होतं, घरी आजोबांची डॉज आहे, तिला हे लागू का. आपल्याकडे प्रीमियरने कुर्ल्यात डॉज, प्लिमथ, डिसोटो जोडल्या, त्यांचं फ्लॅटहेड सिक्स इंजिन वेगळं, कार्ब बहुधा कार्टरचा सिंगल बॅरल, आणि तिच्या डिस्ट्रिब्युटरमध्ये वजनंही असतात आणि व्हॅक्यूमही, म्हणून ही जोडीची भानगड तिथे नाही. धुणं, दांड्याची झीज, फ्लोट, गॅस्केट हे मात्र जसंच्या तसं.

माझ्या गाडीला शेवटी झडपवाला ११०० मिळाला पोमोनाच्या स्वॅप मीटमध्ये, म्हणजे जुन्या सुट्या भागांच्या बाजारात, एका म्हाताऱ्याच्या टेबलाखाली, खोक्यात, टॅगसकट, सी६ वाला. किंमत डिपॉझिटच्या तिप्पट. म्हणून तुम्ही काहीही ठरवा, मूळ कार्ब कोअर म्हणून कोणाला देऊ नका, कोरडा करून पिशवीत घाला, झडप आणि टॅग त्याच्यासोबत, वर मार्करने गाडीचं नाव लिहा आणि माळ्यावर टाका. बसवल्यानंतर शंभरेक मैल चालवा, गार इंजिनवर खालचे नट परत एकदा बघा, आणि सहाही प्लग काढून ओळीने मांडा. फिकट तपकिरी असतील तर छान, काळी मऊ काजळी असेल तर मिक्स्चर जड आहे म्हणजे पेट्रोल जास्त, पांढरे फटक असतील तर कुठेतरी अजून हवा ओढतंय, बहुतेक तो पीसीव्हीचा पाइपच असणार.